बेशरमचे मानकरी

आमच्या गावात स्वयंसेवकाला एकच शब्द आहे : रिकामटेकडा.

हातात टिकास घेऊन माणूस पहाटे निघाला, की पारावरून पहिला प्रश्न येतो, "कोणाच्या कामावर चालले जी?" "कोणाच्याच नाही, तलावावर चाललो," असं उत्तर आलं, की दुसरा प्रश्न, "रोजी किती पडते?" "काहीच नाही," म्हटलं, की पार गंभीर होतो. मग तिसरा प्रश्न, जरा हलक्या आवाजात : "औंदा पंचायतीले उभे राहता का?" त्यालाही "नाही" आलं, तर निदान पक्कं. पैसा नाही, निवडणूक नाही, घरी बायकोशी भांडणही झालेलं नाही, आणि तरी माणूस चिखलात उतरतो. म्हणजे रिकामटेकडा.

हे पद गेली अकरा वर्षं मामाजींकडे आहे आणि त्यासाठी दुसरा उमेदवार कधी उभा राहिलेला नाही.

भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला आमचं गाव. मामाजी गावातल्या निम्म्या लोकांचे नात्यानं मामा आणि उरलेल्या निम्म्यांचे सवयीनं. वय ६३, दीड एकर धानाची बांधी, एक गाय आणि एक टिकास. दर रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ ते गावच्या तलावावर बेशरम उपटतात. रोवणीचा महिना तेवढा सुट्टीचा, कारण तेव्हा गावात उपटण्यापेक्षा लावायला माणसं लागतात.

बेशरम म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. ही एक वनस्पती आहे. जांभळट गुलाबी फुलं, पोकळ खोड, आणि स्वभाव नावाप्रमाणे. पाण्यात वाढते, कोरड्यात वाढते, आणि जगातलं सगळं खाणारी शेळीदेखील सहसा तिला तोंड लावत नाही. कापून फेकली, तर फेकल्या जागी फुटवा धरते. नाव ठेवणारा कोण होता कोणास ठाऊक, पण राष्ट्रीय पुरस्कार द्यायचाच असेल तर पहिला त्याला द्यावा. आम्ही मास्तर लोकांनी एके काळी तिच्या काडीचा शैक्षणिक उपयोग केला. त्यातून विद्यार्थी किती घडले सांगता येत नाही, पण बेशरमची तेवढीच छाटणी व्हायची. पुढे छडी बंद झाली आणि तलाव भरून गेले.

तलावाचंही सांगतो. आमच्याकडे दर गावाला एक तरी तलाव किंवा बोडी असतेच. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ते बांधले. तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळायची, असं जुने लोक सांगतात. सेवेला प्रोत्साहन देण्याची याहून सरळ योजना मला माहीत नाही. शाल नाही, भाषण नाही, पाणी दाखव आणि जमीन घे. पुढे तलाव मालगुजारांकडे आले, १९५०–५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचं कागदोपत्री नाव 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे थोडक्यात 'मामा तलाव'. मामा म्हटल्यावर भाचे गोळा होणारच. आमच्या तलावाचं पाणी जिल्हा परिषदेचं, मासे मच्छीमार संस्थेचे, पाळीवरचा रस्ता ग्रामपंचायतीचा, पाळीवरचं देऊळ भजनी मंडळाचं. बेशरम तेवढी कोणाचीच नव्हती. ती मामाजींनी घेतली.

तर हे असं शांतपणे चाललं होतं. बिघडवलं ते अमेरिकेनं.

माझा पुतण्या न्यू जर्सीला असतो. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीला तिथला राष्ट्राध्यक्षांच्या नावानं दिला जाणारा स्वयंसेवा पुरस्कार मिळाल्याचा फोटो एका सकाळी व्हॉट्सअॅपवर आला. पदक, प्रमाणपत्र, पत्र, सगळं. मी विचारलं, "काय केलं गं बाई एवढं?" तर म्हणाली, "आजोबा, रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलं. शंभर तास भरले." त्या शंभर तासांतला बराच वेळ 'ळ' शिकवण्यात गेला म्हणे. इकडे आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, 'ळ'चं कोणाशी फारसं पटत नाही. डोळ्याला डोरा आणि काळ्याला कारा म्हणत आमच्या पिढ्या गेल्या. तिकडे तोच 'ळ' पदक मिळवून देतो, हे मला नवीन होतं.

पुतण्यानं मग सगळा हिशेब समजावून सांगितला. हा पुरस्कार २००३ साली सुरू झाला. अकरा ते पंधरा वयाला पन्नास तासांवर कांस्य, पंच्याहत्तरवर रौप्य, शंभरावर सुवर्ण. मोठ्या माणसाला वर्षाला शंभर तासांवर कांस्य, अडीचशेवर रौप्य, पाचशेवर सुवर्ण. आणि आयुष्यभरात चार हजार तास भरले, तर त्याचा सन्मान वेगळा. मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. हात शिवशिवले. मामाजींचे रविवार मांडले. वर्षाचे ५२, त्यातून रोवणीचे ४ वजा, उरले ४८. गुणिले अडीच तास. बरोबर १२०. म्हणजे मामाजी दरवर्षी कांस्यपदकाचे मानकरी होते आणि गावाला पत्ता नव्हता! अकरा वर्षांचे १३२० तास. चार हजार व्हायला आणखी बावीस वर्षं आणि वर चार-पाच महिने. म्हणजे वयाच्या ८५व्या वर्षी मामाजी थेट आयुष्यभराच्या सन्मानाला पोचत होते. एकच अडचण होती. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायमचा परवाना लागायचा, आणि मामाजींना गोंदियाच्या पलीकडची गाडी लागते.

तरी मी कागद घेऊन गेलो. मामाजी गोठ्यात होते. म्हणाले, "तास कायले मोजता जी गुरुजी? काम मोजा ना."

आतून मामीजींचा आवाज आला, "मले विचारा. म्या मोजले हायेत. अकरा वर्सं चिखलाचे धोतर धुवून रायली. त्याचे तास कोन्या खात्यात टाकता?"

तो रकाना अमेरिकेच्या अर्जातही नव्हता.

तासांची भाषा आपल्याकडे नाही असं मात्र समजू नका. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली रासेयो, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, तीच मुळी तासांवर. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. ब्रीद 'मी नाही, तूच'. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक, त्याला आठ आरे, म्हणजे आठ प्रहर सेवेला हजर. उत्कृष्ट स्वयंसेवकांना १९९३–९४ पासून राष्ट्रीय पुरस्कारही दिला जातो. मामाजींचे वर्षाचे तास रासेयोच्या मापाला काट्यावर उतरतात. फक्त ते कॉलेजात नाहीत, सातवीत शाळा सोडली तेव्हापासून.

एका हिवाळ्यात आमच्या गावात रासेयोचं शिबिर आलं होतं. कॉलेजचं नाव कशाला सांगा, पोरं गुणी होती. साठ पोरापोरींनी एका सकाळीत तलाव साफ केला. साठजणांत विळे चाळीस आणि मोबाइल साठ. बेशरम खोडाशी सपासप कापली, पाळीवर ढीग घातले, ढिगाला पाठ करून फोटो काढले, 'मी नाही, तूच' अशी घोषणा दिली आणि आलूपोहे खाऊन बौद्धिकाला गेली. दोन दिवसांनी पेपरात आलं : 'स्वयंसेवकांनी केला तलाव बेशरममुक्त'. मामाजी पाळीवर उभे राहून सगळं बघत होते. मी म्हटलं, "बघा, तुमचं सहा महिन्यांचं काम सकाळी नऊच्या आत झालं."

ते म्हणाले, "झालं नाही जी. पेरनी झाली."

खरंच तसं झालं. मुळं तलावात राहिली ती पुन्हा फुटली, आणि पाळीवर पडलेल्या प्रत्येक तुकड्यानं ओल धरून मूळ टाकलं. पाऊस पडल्यावर जिथं कधी नव्हती तिथंही बेशरम उगवली. मामाजींचं तंत्र वेगळं. ओल असताना बुंध्याशी टिकास घालायची, तिच्यावर रेलून मूळ सैल करायचं, सगळी जुडी मुळासकट ओढायची, चीक हाताला लागू नये म्हणून पोत्याचा तुकडा धरायचा, आणि ओढलेली बेशरम पाण्यापासून लांब, तापलेल्या मुरमावर उलटी टाकून वाळवायची. मुळं आकाशाकडे. वाळली की पेटवायची. एका जुडीला दहा मिनिटं लागतात आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, कारण त्यात फक्त एका वाकलेल्या माणसाची पाठ दिसते.

त्या पोरांना मात्र मी हसणार नाही. त्यातला एकजण पुढच्या वर्षी एकटाच, गाडीवर, विळा न घेता आला होता. मामाजींनी त्याला टिकास दिली.

सरकारी सन्मानाचंही आमच्या गावाला वावडं नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तसबिरी आहेत. पहिली ग्रामस्वच्छतेची. संत गाडगेबाबांच्या नावानं २०००–०१ मध्ये अभियान सुरू झालं, तेव्हा समिती येणार म्हणून आठ दिवस गावानं जे काही केलं, ते आठवून अजून कंबर दुखते. दगडांना चुना, झाडांना चुना, एका उभ्या बैलाच्या शिंगांनाही कोणीतरी चुना लावला. म्हाताऱ्यांना चार दिवस पाहुण्यांकडे पाठवायचा ठराव होता, तो म्हाताऱ्यांनी हाणून पाडला. पुढे निर्मल ग्राम आलं आणि 'गुड मॉर्निंग पथक' आलं. पहाटे लोटा घेऊन निघालेल्या माणसाला हे पथक गुलाबाचं फूल द्यायचं. आमच्या गावात काही जणांचा आयुष्यातला पहिला सत्कार तोच.

मला नेहमी वाटतं, गाडगेबाबांना स्वतःला या पुरस्कारासाठी अर्ज करता आला नसता. माणूस गावात आला, कोणाला न विचारता खराट्यानं रस्ते झाडले, रात्री कीर्तनात त्याच गावाला झापलं आणि निघून गेला. समिती यायची तोवर अर्जदार पुढच्या गावी. 'आधी'चा फोटो नाही, 'नंतर'चा नाही, सरपंचाचं शिफारसपत्र नाही. बाबा छाननीतच बाद.

दुसरी तसबीर तंटामुक्तीची. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासूनची. गावातले तंटे गावात मिटवायचे, समिती नेमायची. आमच्याकडे समितीचा अध्यक्ष कोण, यावरून जो तंटा झाला, तो पहिला नोंदवावा की नोंदवू नये, यावर दुसरा झाला. पण आमच्या जिल्ह्यातल्या तंटामुक्त समित्यांनी एक वेगळीच सेवा काढली. पळून जायच्या बेतात असलेल्या पोरापोरींना देवळासमोर उभं करून, दोन्हीकडच्या बापांची समजूत घालून, हार घालायला लावून लग्नं लावून दिली. 'तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुल विवाहबद्ध' ही बातमी आमच्याकडच्या पेपरात पावसाच्या अंदाजाइतकी नेमानं येते. पुढे नवरा-बायकोत तंटे होतात, त्याची जबाबदारी समितीकडे नाही.

मग डिसेंबर २०२४ मध्ये बेल्याची बातमी आली. भंडाऱ्याला लागून महामार्गावर बेला नावाचं गाव आहे. त्या ग्रामपंचायतीला राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत कार्बन न्यूट्रल विशेष पुरस्कार मिळाला, तोही दिल्लीत, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते. झाडं लावणं वेगळं आणि जगवणं वेगळं. बेल्याच्या लोकांनी, त्यातही बायांनी, ती जगवली. आमच्या पानठेल्यावर दिवसभर तोच विषय. "कार्बन म्हणजे तो निळा कागद का जी?" "हो. तो न वापरता पंचायत चालवली म्हनून बक्षीस." "मंग आपल्या पंचायतीले कायले नाही? इथं तं कोणताच कागद वापरत नाहीत." थट्टा चालू होती, पण आवाजात काहीतरी वेगळं होतं. बेला म्हणजे एसटीनं तासाभराचं गाव. तिथल्या माणसांना राष्ट्रपतींनी हात जोडले, म्हणजे दिल्ली आता फार लांब राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी सरपंचबाई माझ्याकडे आल्या. "गुरुजी, आपल्या गावात असं सेवेचं काही आहे का?"

मी म्हटलं, "रिकामटेकडा चालेल का?"

अशी मामाजींची फाइल तयार व्हायला लागली. आधी जिल्हा पातळीवर चौकशी केली. तिथं कळलं, की सेवा ही तीन गोष्टींनी सिद्ध होते : छायाचित्र, कात्रण आणि चारित्र्याचा दाखला. छायाचित्रात मामाजींची पाठ. कात्रणात रासेयोची पोरं. चारित्र्याचा दाखला तेवढा निघाला, कारण अकरा वर्षं दर रविवारी सगळ्या गावादेखत ते एकाच ठिकाणी होते.

मग मी थेट वर नजर टाकली. पद्म पुरस्कार १९५४ पासूनचे, आणि आता कोणीही कोणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो. स्वतःचं नाव स्वतः सुचवायचीही सोय आहे. लाजाळू माणसाची एवढी काळजी दुसऱ्या कोणत्या खात्यानं घेतलेली नाही. शेजारच्या गडचिरोलीतले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातल्या प्रत्येक नाटकवाल्यानं महिनाभर मान ताठ ठेवली होती. म्हटलं, झाडीपट्टीचं खातं उघडलेलं आहे. वर्गवारीत 'समाजकार्य' निवडलं. पुढे चौकट आली : कार्याचं वर्णन, जास्तीत जास्त ८०० शब्द.

मी लिहिलं, 'दर रविवारी तलावातली बेशरम उपटतात.' मोजले. पाच शब्द. उरले ७९५.

तीन रात्री बसलो. 'जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनाचे प्रणेते' लिहून बघितलं. 'आक्रमक वनस्पतींच्या निर्मूलनाची लोकचळवळ' असंही लिहिलं. चळवळीत एकच माणूस होता, म्हणून ते खोडलं. 'लोक' कुठं गेले हे दिल्लीनं विचारलं, तर मी काय सांगणार होतो? पारावर बसून रोजी किती पडते ते विचारत होते? जितके शब्द वाढवावेत, तितके मामाजी त्यातून नाहीसे व्हायचे. शेवटी दोनशे शब्दांवर गाडी थांबली, त्यातले पन्नास तलावाबद्दल आणि दीडशे माझ्या मते मराठी.

एका संध्याकाळी तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. माझी खात्री होती, की आता ते म्हणणार, "मले कायले पुरस्कार? सेवा हेच बक्षीस." अशी वाक्यं ऐकूनच आम्ही मोठे झालो. मामाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग गाईच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं,

"शाल कोन्या रंगाची असते जी?"

मी चमकलो. म्हणजे त्यांना हवी होती! अकरा वर्षांत ते कधी बोलले नव्हते, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. ज्याला काही नको असतं असा माणूस गावाला फार सोयीचा पडतो, म्हणून आम्हीच त्यांना तसं ठरवून टाकलं होतं.

"पद्मश्रीत शाल नसते," मी म्हटलं. "पदक असते. आणि ते पद नावापुढं लावता येत नाही."

"नावापुढं लावता येत नाही, तं गावात कळन कसं?"

"पेपरात येईल, टीव्हीवर दिसाल. दिल्लीला राष्ट्रपती भवनात..."

"दिल्लीत मले वळखते कोन?" ते म्हणाले. "तिथं मले कोनी रिकामटेकडा म्हटलं नाही. ज्याइनं म्हटलं ते इथंच हायेत. द्यायचा असन तं मंडईत द्या. आमचे व्याही येतात त्या दिवशी."

अकरा वर्षांचं दुखणं एका वाक्यात बाहेर आलं. पोरीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी विचारलं होतं, "तुम्ही करता काय?" आणि कोणीतरी मागून म्हणालं होतं, "बेशरम उपटतात." सगळे हसले होते. त्यात मीही होतो.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा आमचा गावोगावचा सण. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटकात खरं नाट्य पडदा उघडण्याआधी असतं. त्याला उद्घाटन सोहळा म्हणतात. एक उद्घाटक, दोन सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, आणि मग प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, नुसते अतिथी. पत्रिका बघितली की नाटकाचं नाव शोधावं लागतं. पाहुण्यांना बसायला रंगमंच पुरत नाही, म्हणून नायिका मागं बैलबंडीवर बसून तोंडाला रंग लावते. दहाचं नाटक बाराला सुरू होतं आणि दिवस उगवेपर्यंत चालतं. एवढ्या सन्माननीय लोकांत एक तलाव साफ करणारा बसवायचा, तर जागा कुठं?

सरपंचबाईंनी नाटकाच्या मंडळापुढं विषय ठेवला. मंडळ म्हणालं, पत्रिका छापायला गेली. बाई म्हणाल्या, माझं नाव काढा आणि त्या जागी टाका. अशी मागणी आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिलीच. नाव गाळलं म्हणून पडलेले तंटे आम्ही पाहिले होते, स्वतःचं नाव काढा म्हणणारं माणूस पाहिलं नव्हतं. मंडळ इतकं घाबरलं, की दोन्ही नावं छापली. मामाजी बेचाळिसावे. पुढे विशेषण काय लावावं यावर अर्धा तास गेला. शेवटी 'तलावाचे मामा' एवढंच लागलं.

सत्काराला काय द्यावं, हाही प्रश्न होता. आजकाल ॲक्रिलिकचं सन्मानचिन्ह देतात. ते टीव्हीवर ठेवता येतं, आणि टीव्ही चपटे झाल्यापासून तिथंही राहत नाही. आम्ही भंडाऱ्याचे लोक, पितळेचे. आमच्या आजोबांना एका सत्कारात भंडाऱ्याचा गुंड मिळाला होता. पश्चिम महाराष्ट्रात हे वाक्य पोलिसात नोंदवतील, म्हणून खुलासा करतो, गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं. तो आज तीन पिढ्या पाणी पाजतो आहे. तर भंडाऱ्याहून एक गुंड मागवला, आणि मामाजींनी विचारलेली शाल, हिरवी.

रात्री सव्वाअकराला बेचाळिसावं नाव पुकारलं गेलं. लोक पेंगुळले होते. पोरं "नाटक! नाटक!" ओरडत होती. मामाजी धोतर सावरत वर चढले. शाल घातली, गुंड हातात दिला. सूत्रसंचालकाच्या हातात माझा दोनशे शब्दांचा कागद होता. वेळ नव्हता म्हणून त्यानं पहिलंच वाक्य वाचलं, "दर रविवारी तलावातली बेशरम उपटतात," आणि कागद खिशात घातला.

हसण्याची लाट यायला हवी होती. आलीही असती. पण तेवढ्यात मागून, बायांच्या बाजूनं, एक टाळी वाजली. मामीजींची. मग धोबीघाटावरच्या बायांच्या वाजल्या, मग सगळ्यांच्या. व्याही दुसऱ्या रांगेत होते. ते उभे राहिले. नाटक सुरू झालं तेव्हा मामाजी गुंड मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, आणि दुसऱ्या अंकात झोपले.

दिल्लीच्या पुरस्कारांना माझं नाव ठेवणं नाही. ते असावेत, वाढावेत, बेल्यासारख्या आणखी गावांना मिळावेत. पण आपण त्यांना एक काम फार सोयीनं देऊन टाकलं आहे : शेजारच्या माणसाला 'बरं केलंस' म्हणायचं काम. ते आपण म्हणत नाही. राष्ट्रपतींनी म्हणायची वाट बघतो. त्यांनी म्हटलं, की दुसऱ्या दिवशी हार घेऊन एसटी स्टँडवर उभे राहतो, आणि म्हणतो, आम्हाला आधीपासून माहीत होतं. पद्मचा तो अर्ज मी अजून पाठवलेला नाही असं नाही. पाठवला, दोनशे शब्दांचाच. उत्तर येईल तेव्हा येईल. मामाजींनी त्यानंतर त्याबद्दल एकदाही विचारलेलं नाही. पत्रिका मात्र त्यांनी साकोलीहून लॅमिनेट करून आणली आहे.

सत्कारानंतरच्या रविवारी तलावावर नऊ माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी पाच. आता तीन टिकून आहेत, त्यात एक मी. पाच जुड्या झाल्या की माझी कंबर धरते आणि मी पाळीवर बसून तास मोजतो. पारावरून परवा मलाही विचारलं, "कोणाच्या कामावर चालले जी गुरुजी?"

औंदाच्या पावसानं उत्तरेकडच्या कोपऱ्यात बेशरम पुन्हा उठली आहे. रविवारी, सकाळी साडेसहाला. चहा मामीजींकडून आहे. टिकास आपापल्या घरून आणावी. विळा आणू नये.